ती करते काय?

गेले पाच आठवडे आमच्याकडे चहाच्या वेळी एकच विषय आहे, भाचीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. ॲनिमेशनच्या डिग्रीला आहे ती. कॉलेजने दिलेलं काम एका ओळीचं : व्हिडिओ गेमसाठी एक नवं पात्र तयार करा. मुदत १२ आठवडे. शेवटी द्यायचं काय, तर पात्राची चित्रं, हालचालीचा एक छोटा नमुना, आणि ‘प्रोसेस बुक’, म्हणजे हे असं का केलं आणि तसं का नाही केलं याची वही. मार्क या वहीलाच जास्त. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला चिकटलेलं काहीही निघालं की ते माझ्याकडे येतं, मग तो बिघडलेला प्रिंटर असो नाहीतर कुणाचं रेल्वेचं रिझर्वेशन. त्यामुळे प्लॅनिंगला मावशी. भावोजींचा प्रश्न फक्त एवढाच की "ह्यात नोकरी लागते का?" लागते, भावोजी. पुढे वाचा.

पहिल्या शनिवारी तिने आणलेला प्लॅन एक्सेलमध्ये होता आणि फार रंगीबेरंगी होता. कथा दोन आठवडे, पोशाख चार, रंग दोन, थ्रीडी मॉडेल तीन, आणि हालचाल उरलेल्या एका आठवड्यात. पात्रही ठरलेलं. योद्धा स्त्री. नऊवारी, पाठीला ढाल, हातात दांडपट्टा, कपाळावर चंद्रकोर आणि डोळ्यांतून निळा उजेड. चित्र सुरेख होतं, पोरीचा हात चांगलाच आहे. पण वर्गातल्या निम्म्या पोरांचे योद्धेच आहेत हेही तिनेच सांगितलं.

मी विचारलं, "ती करते काय?"

"लढते."

"म्हणजे कशी? खेळणाऱ्याने बटण दाबलं की नेमकं काय होतं?"

"ते शेवटच्या आठवड्यात आहे ना, मावशी!"

आता मी काही चित्रकार नाही. पण ज्या पिढीने व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारून मारिओ चालू केला त्या पिढीतली आहे, आणि नोकरीत गेली अनेक वर्षं दुसऱ्यांची सॉफ्टवेअर मोडून बघायचं काम करते. त्यामुळे ‘हे करतं काय’ हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप येतो. मग तिला मारिओची गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल, पण पुन्हा सांगण्यासारखी आहे.

१९८१ साली निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंनी ‘डाँकी काँग’साठी हा माणूस बनवला तेव्हा त्यांच्या हातात जेमतेम १६ बाय १६ ठिपक्यांचा चौकोन होता आणि मोजून तीन रंग. एवढ्या जागेत तोंड दिसेना, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढणं आणि उडी मारताना ते हलवणं अवघड, म्हणून टोपी. धावताना हात अंगात मिसळून जात होते, म्हणून सदरा एका रंगाचा आणि वरचा डांगरीसारखा पोशाख दुसऱ्या रंगाचा. जगात आज जो चेहरा लहान मूलही ओळखतं त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अशी अडचणीतून आली आहे. आणि त्याचं पहिलं नाव काय, तर जंपमॅन. उडी मारणारा. तो जे करतो तेच नाव. ‘मारिओ’ हे नाव नंतर आलं, तेही निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या घरमालकावरून!

पॅक-मॅनची गंमत तर त्याहून भारी. १९८०चा खेळ, तोरू इवातानींचा. त्यातली चारही भुतं चित्र म्हणून एकसारखी, फक्त रंग वेगळा. पण लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुम्ही आहात तिथे न येता तुमच्या चार घरं पुढची जागा गाठायला बघतं. नारिंगी जवळ आलं की एकदम घाबरल्यासारखं कोपऱ्याकडे पळतं. चार स्वभाव झाले की नाही? पोशाखाचा एक धागा न बदलता.

भाची ऐकून घेते, पण गप्प बसणारी नाही. "राजीचं काय मग?" म्हणाली. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० साली आलेला गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. भाचीच्या वर्गाचं ते दैवत आहे. हातात त्रिशूळ घेतलेली, हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी. मी तो गेम खेळले आहे (हो, या वयात, आणि पहिल्याच मोठ्या राक्षसाशी सात वेळा मेले). मी म्हटलं, राजी मुळात कोण आहे? जत्रेत कसरती करणारी. म्हणून ती खांबाला गिरकी घेते, भिंतीवर पळते, उलटी उडी मारून वार करते. त्रिशूळ देवांनी नंतर दिला, कसरत तिची स्वतःची. त्रिशूळ काढून घे, तरी ती राजीच राहते. तुझ्या बाईच्या हातातला दांडपट्टा काढला तर काय राहतं?

"नऊवारी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

तर पहिला आठवडा ठरला फक्त क्रियापदांचा. चित्र काढायचं नाही, कॉम्प्युटर उघडायचा नाही, वहीत क्रियापदं लिहायची. लपते, ढकलते, चढते, शिवते, पेटवते, विणते... तिशी गाठली. त्यात एक रविवार गेला. माझी आई, म्हणजे तिची आजी, हल्ली माझ्याकडेच असते. ती शेजारी मटार सोलत बसली होती. भाचीने सहज विचारलं, "आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा दिवसभर काय करायचीस?"

"पानी आनायची. दुसरं काय."

आईचं माहेर माण तालुक्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : महाबळेश्वर आणि माण एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या माणमध्ये पाचशेची मारामार. १९७२च्या दुष्काळात आई सोळा वर्षांची होती. दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, तिथे मिळालेली सुकडी धाकट्या भावंडांसाठी पदरात बांधून आणायची, आणि पहाटे व संध्याकाळी पाणी. लग्न होऊन ती पुण्यात नळाच्या घरात आली. त्यामुळे गंमत बघा, मी माझ्या आईच्या डोक्यावर हंडा कधी पाहिलेलाच नव्हता. ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं.

भाचीने क्रियापदांची यादी खोडली आणि एकच लिहिलं. ‘तोल सांभाळते’.

पुढचे दोन आठवडे सगळ्यात श्रीमंत गेले. माळ्यावरून पितळी हंडा आणि कळशी काढली. चिंच लावून घासली (आईचा हट्ट, काळ्या भांड्याला ती हात लावेना). एक लिटरच्या मापाने भरून बघितलं. हंड्यात साडेतेरा लिटर, कळशीत सहा. दोन्ही रिकामी भांडी मिळून साडेचार किलो. म्हणजे डोक्यावर एकूण २४ किलो, आणि ते नेणारी मुलगी चाळीसच्या आसपास. भाचीने हे आकडे वहीत लिहिले आणि बराच वेळ नुसती बघत बसली.

मग मी थोडं शोधलं. १९८६ साली ‘नेचर’मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास छापून आला होता. आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं घेऊन चालताना त्यांची जास्तीची ऊर्जा जवळजवळ खर्चच होत नाही, असं त्यात दिसलं. त्यांची चाल घड्याळाच्या लंबकासारखी चालते, एका पावलातली ऊर्जा पुढच्या पावलाला अधिक पुरते, हा खुलासा १९९५च्या अभ्यासात आला. भाची खूश. पण २० टक्के म्हणजे आईच्या बाबतीत आठ किलो. उरलेल्या सोळा किलोंचं काय? ते मानेने आणि गुडघ्यांनी भरले. आईचे गुडघे आज कसे आहेत ते नातेवाईक मंडळींना सांगायला नको. वहीत हेही लिहायला लावलं, कारण ‘आपल्या बायका किती डौलदार चालतात’ असं नुसतं कौतुक मला नको होतं.

चाल बघायची म्हणून आईला खाली पार्किंगमध्ये नेलं. रिकामा हंडाच दिला, भरलेला देण्याची कुणाची छाती. आईने आधी विचारलं, "चुंबळ कुठाय?" भाचीला चुंबळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आईने जुन्या ओढणीला पीळ देऊन तिची गोल वेटोळी केली, डोक्यावर ठेवली, वर हंडा चढवला आणि हात सोडून चालायला लागली. जवळजवळ सत्तरीतली बाई, जिना उतरताना कठडा धरणारी. मान एकदम सरळ झाली, नजर लांब गेली, आणि पावलं... पावलं आईची नव्हतीच, कुणा दुसऱ्याच मुलीची होती. वॉचमनसुद्धा उठून उभा राहिला. भाची मोबाइलवर शूटिंग करत होती. मी काय करत होते ते लिहीत नाही.

चित्रकलेच्या दृष्टीने या एका व्हिडिओने निम्मं काम केलं. साध्या चालण्यात डोकं प्रत्येक पावलाला वरखाली होतं. ॲनिमेशनची पोरं ते वरखाली मुद्दाम ठळक काढायला शिकतात, त्याने चालीला जीव येतो म्हणून. इथे उलटं. डोकं जवळजवळ एका रेषेत सरकतं आणि सगळी हालचाल कमरेखाली जाते. हंडा भरलेला असताना आणि रिकामा असताना एकच मुलगी दोन वेगळी माणसं दिसते. रिकाम्या हंड्याची मुलगी हंडा काखेला मारून हात हलवत, दगडांना लाथा मारत जाते. भाचीच्या मते हेच तिचं पात्र. मला पटलं.

आणि एक गोष्ट आईने अशी सांगितली की मला मारिओची टोपीच आठवली. भरलेल्या हंड्यात ती कडुनिंबाचा डहाळा टाकायची. म्हणजे पाणी हिंदकळत नाही, सांडत नाही. बस! हंडा पितळी पिवळा, लुगडं मळकट, माती तांबूस, आणि या सगळ्यावर डोक्याच्याही वर एक हिरवा झुबका. मोबाइलच्या पडद्यावर ती नखाएवढी दिसत असली तरी हिरवा ठिपका दिसला की समजायचं, हंडा भरलेला आहे. स्कोअरचा आकडा कोपऱ्यात लिहायची गरज नाही. हे कुणी टेबलाशी बसून सुचवलं नसतं.

हे म्हणण्याला पुरावा आहे. मधल्या काळात भाचीने एआयकडून ‘डोक्यावर हंडा घेतलेली खेड्यातली मुलगी’ अशी तीसेक चित्रं काढून घेतली. अर्ध्या मिनिटात मिळाली. सगळ्या गोऱ्या, सगळ्या हसऱ्या, एकीच्याही डोक्यावर चुंबळ नाही आणि एकाही हंड्याला वजन नाही. तिने ती प्रोसेस बुकात पहिल्या पानावर चिकटवली आहेत, खाली काही न लिहिता.

वारलीचा विषयही निघून गेला. दोन त्रिकोणांची ती बाई डोक्यावर भांडं घेऊन लांबूनही ओळखू येते हे खरंच, आकृतीच्या दृष्टीने तिला तोड नाही. पण वारली पालघर-ठाण्याकडची, आमची मुलगी माणची. आणि सोसायटीच्या भिंतीपासून कापडी पिशवीपर्यंत जिथे तिथे वारली चिकटवतात त्यात आपण आणखी भर कशाला घाला. त्याऐवजी भाचीने नुसत्या काळ्या सावल्या काढल्या, चाळीस. वाल्व्ह कंपनीच्या ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) या गेममध्ये नऊ पात्रं आहेत आणि नुसत्या काळ्या आकृतीवरून कोण कोणता ते ओळखावं अशी ती रचलेली आहेत. तीच परीक्षा आम्ही लावली. चाळीस सावल्या फ्रीजवर लावल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं की हंडा कुठल्या बाईचा भरलेला आहे. दूधवाल्याने सगळ्यात अचूक सांगितलं.

असो. आता अडचणीचं.

चौथ्या आठवड्यात भाचीने पहिला नमुना केला. गोडो नावाचं फुकट मिळणारं इंजिन आहे, त्यात. मुलगी चालते, दगड येतात, तोल गेला की पाणी सांडतं. सांडल्यावर ‘फच्च’ असा मजेदार आवाज आणि मुलगी जीभ चावून डोकं खाजवते. आम्ही हसलो. आईला दाखवलं. आईने पूर्ण बघितलं आणि म्हणाली, "पानी सांडल्यावं कुनी आसं हसतंय व्हय?" आणि उठून आत गेली.

घर गप्प झालं. माझ्या मनात पहिल्यापासून जे कुरकुरत होतं तेच आईने बोलून दाखवलं. जिच्यात तिचं बालपण गेलं त्या वणवणीचे आपण पॉइंट्स करतोय का? कुणीतरी लोकलमध्ये उभं राहून अंगठ्याने खेळणार, कंटाळा आला की बंद करणार. भाचीचं म्हणणं वेगळं. तिने ‘पेपर्स, प्लीज’चं (२०१३) नाव घेतलं. त्यात तुम्ही सीमेवरचे कारकून असता आणि माणसांना परत पाठवता, खेळताना पोटात गोळा येतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये (२०१४) वेढा पडलेल्या शहरातली साधी माणसं आहेत, सैनिक नाहीत. २०२३च्या ‘वेंबा’मध्ये तर कॅनडात गेलेली एक तमिळ आई आहे आणि ती करते काय, तर स्वयंपाक. "मावशी, सिनेमात दाखवलं तर तुला चाललं असतं ना? मग गेममध्ये का नाही? इथे तर बघणाऱ्याला स्वतः उचलावं लागतं."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. पण उचलावं लागतं हा मुद्दा मला लागला.

रात्री भाची आजीच्या पायाशी जाऊन बसली. सांडल्यावर काय करायचीस, विचारलं. आई म्हणाली, "काय करनार? मागं वळायचं. पुन्हा हिरीवर, पुन्हा लाइनीत." म्हणून आता गेममध्ये ‘गेम ओव्हर’ नाही. सांडलं की आवाज बंद होतो, मुलगी क्षणभर ओल्या मातीकडे बघते आणि मागे वळते. तेवढंच. ती वळण्याची हालचाल भाचीने चार दिवस बसून केली आहे, आणि मला विचाराल तर दांडपट्ट्याच्या शंभर वारांपेक्षा तिला जास्त मार्क मिळावेत.

कॉलेजच्या सरांना मात्र प्रश्न पडला आहे की यात शत्रू कोण. शत्रू नसेल तर पात्राला धार येत नाही म्हणे. हा प्रश्न भाचीने जसाच्या तसा आजीला विचारला. आईने फार विचार केला नाही. "ऊन," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आन पाटलाचं कुत्रं." दोन्ही घेतले आहेत.

नवा प्लॅन आता असा आहे. चालीला तीन आठवडे, कारण सगळं तिच्यातच आहे. पोशाखाला चार दिवस पुरे, आईने पदर कसा खोचायचा ते दाखवून ठेवलंच आहे. थ्रीडी रद्द. मग दोन आठवडे अनोळखी लोकांना खेळायला द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवून मागे उभं राहायचं (हे सगळ्यात कठीण, माझ्या नोकरीतला अनुभव). प्रोसेस बुक रोज रात्री, शेवटी एकदम नाही. नाव शेवटच्या आठवड्यात. तोवर फाइलचं नाव ‘हंडेवाली’.

असं सगळं नीट बसलं होतं. परवा आई जेवताना म्हणाली, "गेममधी ती पोरगी पानी नेती कुनासाठी?" भाचीने घर काढलं होतं, दार काढलं होतं, पण दारात कुणीच नव्हतं. "तू कुणासाठी न्यायचीस, आजी?"

"आदी म्हशीला. म्हस तान्ही र्‍हायली की दूध आटतंय. मग भाकरीला. उरलं तर आमाला."

त्यामुळे आता पाचव्या आठवड्यात म्हैस आली आहे. म्हशीचं पाणी पिणं काढायचं म्हणजे मान, जीभ, कान सगळंच आलं, आणि भाचीने आयुष्यात म्हैस जवळून पाहिलेली नाही. प्लॅन एक आठवडा पुढे सरकवला आहे. दहिवडी-म्हसवडकडच्या मामा-मावश्यांपैकी कुणाच्या गोठ्यात म्हैस असेल तर बादलीतून पाणी पितानाचा बाजूने घेतलेला व्हिडिओ पाठवा. दोन मिनिटांचा पुरे. मोबाइल आडवा धरा.